गिटार, कांदा आणि कामठीचा शुक्रवार

मे महिन्यात ज्यांना शक्य असतं ती माणसं नागपूर सोडून कुठेतरी निघून जातात. मी त्याच महिन्यात इलेक्ट्रिक गिटार आणि प्लायवूडच्या खोक्यातला अँप्लिफायर घेऊन पुण्याहून नागपूरला गेलो. जाऊ नकोस असं मला सगळ्यांनी सांगितलं. ज्यांनी नागपूर कधी पाहिलेलं नव्हतं त्यांनी जास्त ठासून सांगितलं. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

या प्रवासाला कारण झाला बॉबी. सत्तरच्या दशकात पुण्यात 'मिडनाइट पोस्टमेन' नावाचा आमचा रॉक बँड होता. पोस्टमेन अशासाठी, की आमच्यातल्या दोघांचे वडील पोस्टात होते आणि तालमीची खोलीही पोस्टाच्या वसाहतीतली होती. मिडनाइट अशासाठी, की नुसतं पोस्टमेन म्हटलं की लोक पत्रं आणलीत का असं विचारायचे. बॉबी आमचा ड्रमर. केस खांद्यापर्यंत, शर्टाची बटणं उघडी. या बॉबीनं गुपचूप बँकेच्या क्लार्कची परीक्षा दिली आणि, त्याहून वाईट म्हणजे, तो पास झाला. त्याला सांगलीची शाखा मिळाली. आम्ही उरलेले तिघं वाद्यं घेऊन बसलो की कुणाच्या तरी मुंजीला आल्यासारखे दिसायचो. दोन महिन्यांत बँड बंद पडला.

पुढचं दीड वर्ष मी दोन बँडच्या मधल्या काळात होतो. वडील याला घरी बसणं म्हणायचे, पण मी घरी बसलो नव्हतो. एका दंतमंजनाच्या जाहिरातीत मी नऊ सेकंद वाजवलं. एका नाटकात खलनायक आला की पडद्यामागून एकच झणझणीत सूर द्यायचं काम होतं. नाटक पडलं तेव्हा खलनायक आणि मी दोघंही एकदमच मोकळे झालो. दोन बहिणींना शिकवत होतो, त्यांतल्या एकीला गिटार आवडत नव्हती आणि दुसरीला मी. लग्नाच्या रिसेप्शनला कोपऱ्यात बसून वाजवायचो, तिथे लोक माझ्या अँप्लिफायरवर आइस्क्रीमच्या रिकाम्या बश्या ठेवून जायचे.

दंतमंजनाची जाहिरात ज्यांनी ध्वनिमुद्रित केली ते सावंत मुंबईच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीत होते. एप्रिलच्या शेवटी त्यांचं पत्र आलं. नागपूरला चार दिवस काम आहे, दोन गाणी, एक छोटी तबकडी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, तिथे गाण्यांच्या पुस्तकांचे आणि रेकॉर्डचे स्टॉल लागतात, त्यांच्यासाठी ही गाणी हवी होती. गायिका कामठीच्या. आता गिटारीशिवाय रेकॉर्ड खपत नाही असं कंपनीच्या मालकांच्या डोक्यात बसलं होतं. गिटार नेमकी कुठे घालायची ते तिथे गेल्यावर बघू, असं सावंतांनी लिहिलं होतं. घरात नवं कपाट आणणारा माणूस लिहील तसं. मी त्याच दिवशी होकार कळवला. गिटार हवी आहे असं कुणी आपणहून म्हटल्याला दीड वर्ष झालं होतं.

बुधवार, महाल

स्टेशनवर मला घ्यायला झिबलजी गजभिये आले होते. हे गायिका कौसल्याबाईंचे पती आणि त्यांचे पेटीवाले, एरवी रेल्वेत फिटर. पन्नाशीचे, सडसडीत, डोक्याला दुपट्टा गच्च गुंडाळलेला. त्यांनी रामराम, नमस्कार काहीही न करता आधी माझ्या शर्टाच्या खिशात एक कांदा घातला. ऊन लागत नाही म्हणाले. मग गिटारीची पेटी उघडायला लावली, आत नीट पाहिलं आणि तारांखाली दुसरा कांदा ठेवला. मी हसलो. ते हसले नाहीत.

"काहून, लाकडाले ऊन लागत नाई काय?" त्यांनी विचारलं. चार दिवसांत त्या पेटीतला कांदा काढायची माझी हिंमत झाली नाही.

स्टेशनबाहेर त्यांनी मला तर्री पोहे खायला घातले. आमच्याकडे पोहे म्हणजे शालीन पदार्थ. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला चालेल असा. इथे त्याच पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि वर तेलाचा तवंग सोडतात. पहिल्या घासाला माझे कान उघडले, दुसऱ्याला डोळे वाहू लागले, आणि तरी मी दुसरी प्लेट मागितली. झिबलजींनी समाधानानं मान हलवली. आतलं ऊन बाहेरच्या उन्हाला येऊ देत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ध्वनिमुद्रण महालातल्या एका शाळेत होतं. शाळेला सुट्टी लागलेली, वरच्या मजल्यावरचा हॉल मोकळा होता. अँप्लिफायर सायकलरिक्षात बसला आणि मी मागून चालत गेलो, कारण रिक्षावाल्यानं दोघांना नेणार नाही असं स्वच्छ सांगितलं. हॉलमध्ये सावंत आदल्या दिवसापासूनच होते. सावंतांचा देव म्हणजे शांतता. त्यांनी सगळ्या खिडक्या लावून त्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या आणि कूलर बंद करून त्याची वायरही काढून ठेवली होती. मे महिन्यात कूलर बंद करायला लावणारा माणूस शाळेच्या शिपायानं पहिल्यांदाच पाहिला असावा. तो दर अर्ध्या तासानं दार किलकिलं करून आम्ही जिवंत आहोत का ते बघून जायचा.

कौसल्याबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. बोलताना त्या खाली बघायच्या नाहीत आणि विड्या आपोआप वळल्या जायच्या. सावंतांनी पानांची सळसळ येते म्हणून सूप बाहेर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवलं, आणि मग आपल्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी पदर धरला, कधी गुडघा धरला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी वाजवायचं विसरलो. असा आवाज मी जवळून ऐकला नव्हता. त्याला माइकची गरजच नव्हती, सावंतांनी माइक चार हात मागे नेला. गाणं त्यांचंच, चालही त्यांचीच:

पांढरं लुगडं नेसली माय, पायी नाई वहान वं,
कामठीपासून चालत आली, आता नाई लहान वं.

दुसऱ्या ओळीनंतर बाईंनी श्वास घेतला. त्या शांततेत माझ्या अँप्लिफायरमधून एक धीरगंभीर आवाज म्हणाला, की शेतकरी बंधूंनी कपाशीची पेरणी करण्यापूर्वी बियाणं नीट पारखून घ्यावं. हे खोकं मला पुण्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बनवून दिलं होतं आणि त्याचं रेडिओवरचं प्रेम अधूनमधून असं उफाळून यायचं. सावंतांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. झिबलजींना मात्र माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. याच्यात रेडिओपण आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी अर्थिंगसाठी अँप्लिफायरपासून बाहेरच्या नळापर्यंत तार ओढली तेव्हा कृषिवार्ता बंद झाल्या.

पण खरी अडचण वेगळीच होती. बाई झोकात सुरुवात करायच्या आणि कडव्यागणिक मंदावत जायच्या. तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं इतकं रेंगाळायचं की मधल्या वेळात मी चहा पिऊन आलो असतो. त्यांच्या मागे ढोलकीवाले डोमाजीही रेंगाळायचे. सावंतांनी उन्हाला दोष दिला, झिबलजींनी अतिशय नम्रपणे गिटारीला, आणि मी मनातल्या मनात डोमाजींना. चूक नेहमी ड्रमवाल्याची असते हा माझा अनुभव होता. बाई कुणालाच दोष देत नव्हत्या. इथे कान कसेतरीच होतात, एवढंच म्हणाल्या.

दुपारी चारला थोडं जमून येतंय असं वाटलं आणि खालच्या गल्लीत लग्नाची वरात आली. क्लॅरिनेट, तुतारी आणि ताशांचे तीन जोड. घोंगड्यांनी काही फरक पडला नाही.

गुरुवार, महाल आणि कामठी

गुरुवारी मुहूर्त चांगला होता. हे आम्हाला सकाळी नऊलाच कळलं. एक वरात गेली की दुसरी यायची, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात मांडवातला लाउडस्पीकर चालायचा. सावंत हेडफोन घालून निश्चल बसले होते. दुपारी एका बँडवाल्यानं वर येऊन, इथे गिटारवाला आहे म्हणे, संध्याकाळच्या वरातीला मोकळा आहे का, अशी चौकशी केली. सावंतांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती बघून मी नाही म्हटलं, पण बोलावणं आलं हे मला आवडलं.

पाच वाजता सावंतांनी स्पष्टच सांगितलं. शनिवारी संध्याकाळी त्यांची गाडी होती. मशीन पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी जायचं होतं. शनिवारपर्यंत दोन्ही गाणी झाली नाहीत, तर दसऱ्याच्या तबकडीवर दुसऱ्या पार्टीची गाणी जातील, आणि मालक कामठीचं नाव पुन्हा काढणार नाहीत. कौसल्याबाईंनी ऐकून घेतलं आणि आपलं सूप उचललं.

तेव्हा झिबलजींनी पेटीचा भाता बंद करत तोडगा काढला. "उद्या शुक्रवार हाय. कामठीच्या विणकरायचे सारे माग शुक्रवारी बंद राह्यते. सुई पडली तं ऐकू येते. आपन घरीच करू नं जी."

यात काही चुकीचं कुणालाच दिसलं नाही. डोमाजींनी मान डोलावली, बाई म्हणाल्या बरं होईल, सावंतांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. संध्याकाळच्या बसनं आम्ही मशीन, गिटार, अँप्लिफायर, पेटी, ढोलकी आणि दोन कांद्यांसह कामठीला गेलो. आधी लष्करी छावणीचे रुंद रस्ते आणि चुना लावलेली झाडं लागतात, आणि मग विणकरांची वस्ती सुरू होते. ती दिसायच्या आधी ऐकू येते. खटाक-खट, खटाक-खट. झिबलजींच्या घराची एक भिंत शेजारच्या रशीदचाचांच्या यंत्रमागांच्या शेडला लागून होती आणि चहाचे कप बशीत आपोआप पुढे सरकत होते. या आवाजात झोप कशी लागते, असं मी ओरडून विचारलं. बाई म्हणाल्या, माग बंद पडले की जाग येते.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि कैरीचं पन्हं होतं. पुण्यात पाहुण्याला "जेवून जाणार का?" असं विचारतात, इथे विचारत नाहीत, भाकरी पडतच राहते. मी चौथीला हात आडवा धरला तर ती हातावर पडली. जेवताना मी बाईंना विचारलं, की या रेकॉर्डचं एवढं का लावून घेतलंय? गाणी तर गावोगावी लोक म्हणतातच की. 

"शब्द पोरीनं वहीत उतरवले," त्या म्हणाल्या. "मले लिहिता येत नाई. लोकायनं ते शब्द घेतले, सिनेमाच्या चाली लावल्या अन् स्टेजवर गाऊन राहिले. गाऊ द्या. पन चाल माही होती नं भाऊ. ते कोन्या वहीत उतरवू? रेकॉर्ड झाली तं माह्या मागं बी तशीच गातीन. नाई तं गेली माह्यासंगं."

माझा बँड दोन वर्षं चालला आणि आमची एकही ओळ कशावरच उतरलेली नव्हती. हे मला त्या जेवणापर्यंत कधी टोचलं नव्हतं.

शुक्रवार, कामठी

सकाळी मला जाग आली ती शांततेनं. एकही माग चालत नव्हता. दूर कुठे बकरी ओरडली ती स्वच्छ ऐकू आली. सावंत दारात उभे राहून ती शांतता अक्षरशः श्वासात भरून घेत होते. आठ वाजता सगळे आपापल्या जागी बसले. त्यांनी बोट वर केलं, मशीनचं बटण दाबलं, आणि काहीही झालं नाही.

मग फ्यूज पाहिला. तो चांगला होता. वायर पाहिली, तीही चांगली. सावंतांनी मशीन उघडलं, मी अँप्लिफायर उघडला, झिबलजींनी कारण नसताना पेटी उघडली. अर्ध्या तासानं शेजारच्या बाई पाणी भरून जाताना दारात थबकल्या. "शुक्रवारी काय करून राहिले वं? आज लाइट नसते नं," त्या म्हणाल्या आणि घागर सांभाळत पुढे गेल्या.

गोष्ट अशी होती. माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून वीजवाल्यांनी तारांची दुरुस्ती आणि काटकसर यांसाठी शुक्रवारच धरला होता. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत वस्तीत वीज नसायची. आणि शुक्रवारी तिथे विजेवाचून कुणाचंच काही अडत नसे, म्हणून ती नसते हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणाच्या लक्षात नव्हतं. झिबलजी या घरात वीस वर्षं राहत होते. ते कुणाला न सांगता उठून सावंतांसाठी पन्हं घेऊन आले.

सावंत हसतील की रडतील हे मला कळेना. वीज आहे तेव्हा माग चालतात, माग थांबतात तेव्हा वीज नसते. मी रॉक बँडमधल्या खूप अडचणी पाहिल्या आहेत, पण अशी चोख अडचण पाहिली नव्हती.

दुपारच्या नमाजनंतर रशीदचाचा आले. साठीचे, पांढरी दाढी, धुतलेला कुर्ता, बारा मागांचे मालक. हकीकत ऐकून ते आधी मनसोक्त हसले आणि मग त्यांना वाईट वाटलं. उद्या दिवसभर आपले बाराही माग बंद ठेवतो म्हणाले. पण गल्लीत आणखी चार शेड होत्या, त्या त्यांच्या नव्हत्या. लग्नसराईचा माल अडकलेला. त्या थांबणार नाहीत, हे त्यांनी खरं तेच सांगितलं.

जाताना त्यांनी गाणं कुठलं ते विचारलं. पांढऱ्या लुगड्याचं, असं कळल्यावर ते पुन्हा खाली बसले. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी पांढरी साडी नेसून जायचं होतं आणि बाजारात पांढरं कापड उरलं नव्हतं. कौसल्याबाईंचं माहेर याच गल्लीतलं. झिबलजी रेल्वेच्या नोकरीमुळे सासुरवाडीशेजारीच राहायला आले होते. बाईंची आई आदल्या दिवशी रशीदचाचांच्या वडिलांकडे आली होती. तेव्हा हातमाग होते.

"अब्बा ने करघे पे चढ़ा थान काट के दे दिया," चाचा म्हणाले. "चादर का था. किनार भी नहीं थी. हम बोले, अब्बा, ऑर्डर का माल है. तो बोले, उसको पैदल जाना है, पहले उसका."

बाई विड्या वळत होत्या. त्या लुगड्याला किनार नाही म्हणून मायला लाज वाटत होती, पण तिथे पोहोचल्यावर कुणाच्या लुगड्याला किनार आहे हे बघायला कुणाला वेळच नव्हता, असं त्यांनी हसत सांगितलं.

शनिवार, कामठी

सकाळी सातला वस्तीतले माग एकदम सुरू झाले. चाचांनी शब्द पाळून आपले बारा बंद ठेवले, तरी उरलेल्या चार शेडचा आवाज चारी बाजूंनी येत होता आणि कुणाचाच कुणाशी मेळ नव्हता. सावंतांनी दोन प्रयत्न केले. दोन्ही वेळा बाई भलतीकडेच गेल्या. नऊ वाजता त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि स्पूल डब्यात भरायला घेतलं. झिबलजींनी त्यांना थांबवलं नाही. मी गिटार पेटीत ठेवायला गेलो आणि कांदा बाजूला सरकवला.

आता आमचं काही होत नाही, असं बघून चाचांनी आपला निदान एक माग सुरू केला असावा. भिंतीपलीकडून खटाक-खट आलं. बाई ओसरीवर जाऊन बसल्या होत्या, सूप मांडीवर घेतलेलं. आणि त्या सहज, स्वतःशीच गायला लागल्या.

मी पेटी तशीच उघडी टाकून ओसरीवर गेलो. गाणं रेंगाळत नव्हतं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. एका चालीनं, नीट, पुढे झेपावत. भिंतीपलीकडचा माग आणि बाईंचे हात आणि आवाज एकत्र चालत होते. तिसरं कडवं संपलं, पलीकडे माग थांबला, बाई थांबल्या. मी धावत शेडमध्ये गेलो. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली होती. सुताची ही कांडी संपली की माग थांबतो, नवी घातली की पुन्हा चालतो. चाचांनी नवी घातली, माग सुरू झाला, आणि ओसरीवर दुसरं गाणं सुरू झालं.

वीस वर्षं या बाईंनी याच भिंतीला टेकून गाणी रचली होती. त्यांची सगळी गाणी एका कांडीएवढी होती. आम्ही दोन दिवस महालात घोंगड्या टांगून त्यांचा ताल काढून घेतला होता आणि वर विचारत होतो की बेताल का होता. मी दीड वर्ष ज्याला शोधत होतो तो न दमणारा, न घाई करणारा, बँकेची परीक्षा न देणारा ड्रमर भिंतीपलीकडे कापड विणत बसला होता.

हे सावंतांना पटवायला मला पंधरा मिनिटं लागली. आवाज म्हणजे शत्रू असं मानून ज्यानं वीस वर्षं काढली, त्याला माग माइकसमोर आणा म्हणणं सोपं नव्हतं. शेवटी बाईच आत आल्या. "सावंतसाहेब, मले या आवाजावाचून गाता येत नाई," त्या म्हणाल्या. "हे मले बी आज समजलं."

मग मात्र सावंत कामाला लागले. चाचांच्या शेडमधून कापडाच्या गाठी आणून त्यांनी खोलीच्या तीन बाजूंना छतापर्यंत रचल्या. इतर शेडचा आवाज दबला. चौथ्या बाजूचं, चाचांकडे उघडणारं दार तेवढं उघडं ठेवलं. चाचांनी चार नंबरचा माग निवडला. हा सगळ्यात सच्चा आहे म्हणाले, त्याला तेल घातलं आणि धुतलेल्या कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. सावंतांनी सूप आत आणायची परवानगी दिली. पानांच्या सळसळीसकट.

पहिल्या खेपेला शेवटच्या कडव्यात ताण्याचा एक उभा धागा तुटला आणि माग थांबला. चाचांनी एवढी माफी मागितली की सावंतच ओशाळले. धागा जोडला, नवी भरलेली कांडी घातली. मी ठरवलं की गिटार कमीत कमी वाजवायची. रॉकमध्ये असा निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता. मागाच्या दोन खटक्यांच्या मध्ये जी जागा होती तिथे एक-एक सूर ठेवत गेलो, आणि डोमाजींची ढोलकी त्याच्या अंगाखांद्यावर खेळत राहिली. बाईंचे डोळे मिटलेले, बोटं विड्या वळत होती. 'कामठीपासून चालत आली' ही ओळ त्यांनी शेवटी पुन्हा घेतली, 'आता नाई लहान वं' म्हणून थांबल्या, आणि मोजून चार खटक्यांनी कांडी संपली. सावंतांनी बोट वरच धरून ठेवलं होतं, ते खाली करायला ते विसरले.

दुसरं गाणं पुढच्याच कांडीत झालं. दोन वाजता आम्ही मोकळे होतो. माझे डोळे भरून आले होते आणि त्याचा दोष मी ठेच्याला दिला. चाचांनी त्या दोन गाण्यांत विणलं गेलेलं कापड कापून बाईंना दिलं. हात-दीड हात असेल, पांढरं, बिनकिनारीचं. बाईंनी ते डोक्यावरून घेतलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

पुणे

गिटारीला कांद्याचा वास पावसाळा संपेपर्यंत येत होता. शिकवणीच्या दोन बहिणींपैकी जिला मी आवडत नव्हतो तिला आता गिटारही आवडेनाशी झाली.

सप्टेंबरात तबकडी आली. मालकांना आवडली होती. त्यांनी सावंतांना फक्त एवढंच विचारलं, की हा नवा तालवाला कोण आणि इतरांच्या रेकॉर्डना मिळेल का. वेष्टनावर गायिका, चाल आणि शब्द कौसल्याबाई गजभिये असं ठळक छापलं होतं. खाली पेटी, ढोलकी, गिटार आणि शेवटी, सावंतांच्या आग्रहानं, माग: रशीदचाचा. तोवर मी नव्या बँडमध्ये शिरलो होतो. आमच्या नव्या ड्रमरला मी ती तबकडी ऐकवली आणि सोबत वाजवायला सांगितलं. तिसऱ्या कडव्याला त्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि हा माणूस थकत कसा नाही असं विचारलं.

दिवाळीनंतर एक पत्र आलं, कौसल्याबाईंच्या मुलीनं लिहिलेलं. दसऱ्याला स्टॉलवर रेकॉर्ड लागली तेव्हा बाया उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्याच चालीत म्हणत होत्या. सिनेमाची चाल कुणी लावली नाही. माझ्या खिशातल्या कांद्याचं काय झालं, असं बाबा विचारतात. आणि शेवटी लिहिलं होतं: "चौकातला चहावाला दिवसभर आईचीच रेकॉर्ड लावून राहिला. फक्त शुक्रवारी लाइट नसते, तं त्या दिवशी आईले चौकात बोलावते अन् आईच म्हनते. माग बंद राह्यते नं, म्हनून ताल लोक धरते."